तिकडची दोन वर्षं

९ जून

पाहुणी आली. तीन बॅगा, ड्रॉइंग गुंडाळून ठेवायची एक लांब नळी, आणि चेहरा असा की आमचंच घर तिला दाखवायला आणलंय, पसंत पडलं तर घेईल.

माझी खोली गेली. खिडकीजवळची, दिवसभर सारखा उजेड असणारी. माझा ड्रॉइंग बोर्ड कपाटामागे सरकवला. नवरा म्हणाला, "थोडे दिवस गं." गेल्या आठवड्यात तो "दोन वर्षं" म्हणत होता आणि त्याआधी "बघू."

सगळं नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे कधी वाचताना माझं मलाच पटेल की मी कुणावर अन्याय करत नव्हते. ही त्याच्या पहिल्या लग्नाची मुलगी. वीस वर्षांची. आईबरोबर तिकडे, दुसऱ्या देशात वाढली. तिकडे मेकॅनिकल इंजिनिअरिंगची दोन वर्षं झाली आहेत. आता आईने लग्न केलं आणि नव्या नवऱ्याचं घर लहान आहे म्हणे. त्यांचं घर लहान, म्हणून आमचं मोठं झालं.

जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. "ही कोण हो?" नवरा छाती फुगवून म्हणाला, "माझी मुलगी." मी बाजूलाच उभी होते, हातात तिची बॅग घेऊन. माझी म्हणाला. बरोबरच आहे. त्यात खोटं काय आहे?

१२ जून

मी शिकवते त्याच कॉलेजात ती येणार. शहरात दुसरं कॉलेज नाही असं नाही, पण बाहेरच्या देशातली क्रेडिट्स फक्त आमच्याकडे घेतात. ती घ्यायची की नाही हे ठरवणाऱ्या समतुल्यता समितीवर चारजण असतात. ड्रॉइंगसाठी मी.

व्यवहार सरळ आहे. तिने तिकडे केलेला प्रत्येक विषय आमच्या विषयाशी ताडून पाहायचा. सत्तर टक्के जुळला तर क्रेडिट द्यायचं, नाही तर परीक्षा घ्यायची, तीही नाही जमली तर विषय गेला. सगळे विषय मिळाले तर तिसऱ्या वर्षात थेट प्रवेश. फार गेले तर पहिल्या वर्षापासून पुन्हा.

जेवताना नवऱ्याने तिला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, "पहिल्या वर्षात मी बसणार नाही. मी जाईन."

"कुठे जाशील?"

"कुठेतरी."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. मला हसू आलं. कुठेतरी! जणू काही कुठेतरी नावाचं स्टेशन आहे आणि तिथे तिला घ्यायला कोणी येणार आहे.

माझा स्वार्थही सरळ आहे. क्रेडिट्स मिळाली तर ती या घरात दोन वर्षं राहील, नाही मिळाली तर चार. तेव्हा मी तिच्या वाटेत आडवी येईन असं कोणी म्हणू नये.

१६ जून

समितीची पहिली बैठक. विभागप्रमुखांना आम्ही मागे फूटपट्टी म्हणतो, कारण ते प्रोजेक्ट रिपोर्ट वाचत नाहीत, त्याचा समास मोजतात. त्यांनी नेहमीप्रमाणे सुरुवातीलाच विचारलं, "अर्जदारांत कोणाच्या नात्यातलं कोणी?"

ही आमची जुनी पद्धत. ज्याचं कोणी असेल त्याने हात वर करायचा आणि ती फाइल निघाली की उठून बाहेर व्हरांड्यात जायचं. मागच्या वर्षी समितीतले काँक्रीट सर, सिव्हिलचे, साडूच्या मुलासाठी बाहेर गेले होते. पुन्हा आत बोलावलं तेव्हा ते चहावाल्याशी क्रिकेटवर भांडत होते.

या वर्षी कोणीच हात वर केला नाही. मीही नाही.

विचार करून नाही केला. तिचं आडनाव आईचं आहे, माझं मी लग्नानंतर बदललं नाही. कागदावर आम्ही दोघी जिन्यात भेटलेल्या दोन बायका. आणि कागद सोडला तरी काय आहे? नातं दोन टोकांनी धरायची गोष्ट आहे. तिने तिचं टोक धरलेलं नाही, मी माझं का धरू? शिवाय हात वर केला असता तर थर्मोडायनॅमिक्स शिकवणाऱ्या थर्मो सरांनी भुवया उडवून विचारलं असतं, "अरेच्चा, मॅडम, तुम्हाला एवढी मोठी मुलगी? कधी झाली?" चाळिशीत लग्न केलं तेव्हा "रेडीमेड संसार" हा विनोद मी महिनाभर ऐकलाय. पुरे.

मी बाहेर गेले असते तर तिची फाइल त्या थर्मो सरांकडे गेली असती. ते रडक्या चेहऱ्याला मार्क देतात. मी निदान न्यायाने वागेन.

संध्याकाळी कारकुनाने बोर्डावर नेहमीची नोटीस लावली. अर्जदारांची यादी, खाली फूटपट्टींची सही.

१७ जून

आज ती कॉलेजात कागद द्यायला गेली होती. परत आली ती सरळ खोलीत गेली. रात्री भांडी पुसताना तिने विचारलं, "कॉलेजमध्ये तुम्हाला काय म्हणायचं?"

"मॅडम."

"आणि घरी?"

"घरी हाक मारायची वेळ येते का?"

तिने ताट कपाटात ठेवलं. "बरं, मॅडम," म्हणाली आणि गेली.

तेव्हापासून घरातही तेच. "मॅडम, गीझर बंद करू?" "मॅडम, दूध संपलंय." नवऱ्याला वाटतं ती गंमत करते आहे. मला ठाऊक आहे, ती गंमत नाही.

२१ जून

तिच्या आईचा फोन आला होता. मी स्वयंपाकघरात होते, ती गॅलरीत. कान द्यायचा म्हणून दिला नाही, दार उघडंच होतं.

"हो, छान आहे. हो, मोठी खोली. खिडकी आहे… नाही गं, त्या चांगल्या आहेत. खूप करतात माझं… नाही, कशाला येतेस, तू आत्ताच तिकडे सगळं लावतेयस… नाही, रडत नाहीये, सर्दी झालीय."

केवढं हे ढोंग! मी काय खूप केलं तिचं? काल तिने विचारलं होतं सर्दीची गोळी आहे का म्हणून, मी म्हटलं डब्यात बघ. एवढंच. आणि आईसमोर असं गोड बोलायचं. अशा माणसांपासून फार सावध राहावं लागतं. समोर मॅडम, मागे चांगल्या.

गोळ्यांचा डबा मी नंतर पाहिला. सर्दीची गोळी संपली होती. नवीन पाकीट आणून ठेवलं. मलाही लागते.

२६ जून

छाननी झाली. गणित, मेकॅनिक्स, मटेरियल्स, सगळं जुळलं. थर्मो सरांनी थर्मोडायनॅमिक्स डोळे मिटून दिलं. "पोरीचा अभ्यासक्रम आपल्यापेक्षा पुढचा आहे हो, आपणच तिच्याकडून क्रेडिट घ्यायला हवीत." सगळे हसले.

माझ्या विषयाला मात्र मी अडवलं. तिकडे ड्रॉइंग जवळजवळ सगळं कॉम्प्युटरवर शिकवतात. हाताने काढायचा भाग थोडका. सत्तर टक्के होत नाही. मी तीन वेळा मोजलं. एकदा एकाहत्तर आले होते, पण त्यात एक धडा मी दोनदा धरला होता असं मला वाटलं.

थर्मो सर म्हणाले, "द्या की मॅडम. एका विषयाने काय होतंय?"

"सर, दया हा विषय आपल्या अभ्यासक्रमात नाही."

काँक्रीट सरांनी टेबलावर थाप मारली, "वा!" फूटपट्टींनी मान डोलावली आणि लिहिलं: ड्रॉइंगची पडताळणी परीक्षा, परीक्षक मी. ही परीक्षा गेली तर मूळ विषय अपुरा म्हणून तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. दुसऱ्या वर्षाला मशीन ड्रॉइंग आहे, तेही पहिल्याशिवाय घेता येत नाही. म्हणजे थेट खाली, पहिल्या वर्षात.

घरी येताना पाय हलके होते. आपण स्वच्छ वागलो की असं वाटतं. तरी झोप लागेना.

१ जुलै

पाहुणीने जेवायच्या टेबलाचा कारखाना केला आहे. पेन्सिली, खोडरबर, कंपास, सेलोटेपने चिकटवलेले कागद. टेबल एका बाजूला डुगडुगतं, म्हणून पायाखाली पुठ्ठा घातलाय. वाकून वाकून रेघा ओढते. आज दुपारी मी घरी होते तर मधेच येऊन विचारलं, "मॅडम, कॉलेजात ड्रॉइंग बोर्ड वापरायला मिळेल का?"

"प्रवेश झाल्यावर मिळेल."

नवरा वर्तमानपत्राच्या मागून म्हणाला, "अगं, तुझा आहे ना कपाटामागे."

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "नको बाबा. तो त्यांचा आहे. मी हात नाही लावलाय त्याला."

ऐकलंत? तीन आठवडे त्याच खोलीत झोपते, रोज तो बोर्ड बघते, आणि हात लावलेला नाही हे मला ऐकवते. घेतला असता तर मी काय खाल्लं असतं तिला? टोमणा मारायचा तर असा, की ऐकणाऱ्याला उत्तरच देता येऊ नये.

रेघ मात्र चांगली आहे. सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकाच जाडीची. हे शिकवून येत नाही. कुठून आलं असेल? तिच्या बापाला तर सरळ पाव कापता येत नाही.

६ जुलै

परीक्षा झाली. माझ्या केबिनशेजारच्या हॉलमध्ये ती एकटीच होती. पर्यवेक्षकही मीच. तीन तास आम्ही एका खोलीत होतो आणि एक शब्द बोललो नाही. घरी याहून काही वेगळं नसतं म्हणा.

मी दिलेला ठोकळा तसा सोपा: खाच असलेला, एका अंगाला उतार, मधून आरपार भोक. समोरून, वरून आणि बाजूने कसा दिसेल ते काढायचं. फ्रंट व्ह्यू, टॉप व्ह्यू, साइड व्ह्यू.

पेपर हातात घेतला आणि लगेच दिसलं. टॉप व्ह्यू वर काढला होता.

आमच्याकडे तो खाली काढतात. आमची पद्धत अशी: वस्तू भिंतीपुढे धरायची आणि तिची सावली मागे पडावी तसं चित्र काढायचं. म्हणून वरून दिसणारं खाली पडतं, डावीकडून दिसणारं उजवीकडे. तिकडे वस्तू जणू काचेच्या पेटीत ठेवतात आणि समोरच्या काचेवरच गिरवतात. म्हणून वरचं वर, डावीकडचं डावीकडे. फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल. दोन्ही बरोबर. फक्त कोणती पद्धत ते सांगावं लागतं, नाही तर कारखान्यात भोक भलत्या अंगाला पडतं.

माझ्या प्रश्नपत्रिकेत पद्धत लिहिलेली नव्हती. इकडे कोणीच लिहीत नाही. आमच्या मुलांना दुसरी पद्धत असते हेच माहीत नसतं.

तिने शीटच्या उजव्या कोपऱ्यात चिन्ह काढलं होतं, कापलेला शंकू आणि शेजारी दोन वर्तुळं, तिकडच्या पद्धतीचं. मी ते पाहिलं. पाहिलं नाही असं मी म्हणणार नाही.

पण परीक्षा इकडची आहे. इकडच्या परीक्षेत इकडचं. जागा चुकल्या, मांडणीचे सगळे मार्क गेले. उरलेल्यांत पास व्हायला दोन कमी पडले. दोन मार्क मी कुठूनही काढू शकले असते, रेघांसाठीच चार द्यावे अशा रेघा होत्या. पण उद्या कोणी म्हणालं की वशिला लावला, तर?

नापास.

कोणी म्हणणार कसं, कोणाला माहीतच नाही, हे आत्ता लिहिताना सुचलं. असो.

८ जुलै

निकाल लागला. घरात कोणी मेल्यासारखं. नवरा माझ्या मागे मागे फिरतो आहे. "बघ ना जरा. तू समितीवर आहेस. काही करता येतं का?"

त्याला बैठकीतलं काही माहीत नाही. परीक्षक मी आहे हेही त्याला आज कळलं.

"तूच तपासलास?"

"मग कोण तपासणार? ड्रॉइंगला दुसरं आहे कोण?"

"आणि दोन मार्कांनी…"

"मी दहांनी केलं असतं तर बरं वाटलं असतं का?"

तो माझ्याकडे बघत राहिला. चार वर्षांच्या संसारात असं कधी बघितलं नव्हतं. पाहुणी शांतपणे जेवत होती. दोनदा वाढून घेतलं. निर्लज्ज म्हणायचं की धीट, कळत नाही. नंतर बाथरूमचा नळ बराच वेळ चालू होता. पाणी किती वाया घालवतात ही मुलं.

१० जुलै

आज जे झालं ते सगळं लिहायचं आहे.

निकालावर हरकत असेल तर उमेदवाराला पेपर परीक्षकासमोर बघता येतो. ती आली. फूटपट्टींच्या केबिनमध्ये ते, थर्मो सर, मी. ती दारात उभी राहिली. "आत येऊ का, सर?" तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

शीट टेबलावर पसरली. तिने बोट ठेवलं. "मॅडम, प्रश्नपत्रिकेत अँगल दिलेला नाही."

"इकडे द्यावा लागत नाही."

"मी कोणता घेतला ते मी चिन्हाने दाखवलंय."

"इकडे हा चालत नाही."

"मग मला कसं कळणार होतं?"

तो स्वर! अगदी हळू, नम्र, आणि मला कोपऱ्यात ढकलणारा. माझं डोकं सटकलं. म्हटलं, "विचारायचं! आठवडाभर टेबलावर रेघा ओढत होतीस, तेव्हा तोंड नव्हतं का? टेबलाच्या पायाखाली पुठ्ठे घालायला सुचतं, एवढं विचारायला सुचलं नाही?"



फूटपट्टींनी चष्मा काढला. "कुठलं टेबल?"

 थर्मो सर एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते. आता तिने फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी परीक्षक म्हणून संपले असते आणि तिचा पेपर दुसऱ्याकडे गेला असता. मी तिच्या जागी असते तर बोलले असते. वीस वर्षांची असताना तर नक्कीच.

ती म्हणाली, "कॅन्टीनचं टेबल, सर. मी तिथे बसून सराव करायचे. मॅडम येता-जाता बघत असतील."

"तुम्ही ओळखता एकमेकींना?"

"नाही सर. मला इकडे कोणी ओळखत नाही."

हे मात्र तिने माझ्याकडे बघून सांगितलं.

फूटपट्टींनी चष्मा परत घातला. "परीक्षकांचा निर्णय कायम. या तुम्ही."

तीच रात्र

जेवणं झाल्यावर मी तिच्या खोलीत गेले. माझ्याच खोलीत, पण दार वाजवून. एक बॅग उघडी होती आणि अर्धी भरलेली.

"खोटं का बोललीस?"

"तुम्ही आधी बोललात."

"मी काय बोलले?"

"बोर्डावर लिहिलंय ना. 'समितीतील कोणाही सदस्याचे अर्जदारांशी नाते नाही.' पहिल्याच दिवशी वाचलं मी." शर्टाची घडी घालता घालता बोलत होती, घडी एकदम काटेकोर. "आधी वाईट वाटलं. मग म्हटलं, बरोबरच आहे. नाहीच आहे नातं."

म्हणजे ते 'मॅडम' त्या दिवसापासूनचं.

"बापाला सांगितलं नाहीस?"

"कशाला? तुमचं भांडण झालं असतं."

"झालं असतं तर झालं असतं! तुला काय त्याचं?"

तेव्हा ती पहिल्यांदा आवाज चढवून बोलली. "मला काय? घरात भांडण झालं की बॅग कोण भरतं, मला माहितीय. तुम्हाला नाही भरावी लागत."

मी बाहेर आले. संताप संताप झाला. एवढीशी पोर माझ्यावर उपकार करते! माझी नोकरी वाचवते, माझा संसार वाचवते, आणि वर घड्या घालते. मला कोणाचे उपकार नकोत. तिचे तर नकोतच नकोत. अशी ओझी डोक्यावर घेऊन मी या घरात राहणार नाही.

११ जुलै

सकाळी फूटपट्टी यायच्या आधी त्यांच्या केबिनबाहेर जाऊन उभी राहिले.

"सर, ती मुलगी माझ्या नात्यातली आहे."

"कोणती?"

"कालची. ड्रॉइंगची."

"नात्यातली म्हणजे कोण?"

मी रस्त्याने येताना वाक्य तयार केलं होतं: माझ्या पतींच्या पहिल्या विवाहापासूनची वगैरे. ऐन वेळी एवढं लांबलचक आठवेना. "मुलगी."

"कोणाची?"

"आमची."

ते केबिन उघडून खुर्चीत बसले. मग म्हणाले, "मॅडम, मुलगी आहे म्हणून पास करणारे मी बघितलेत. मुलगी आहे म्हणून नापास करणारं माणूस पहिल्यांदाच बघतोय."

"तसं नाही सर…"

"मग कसं? नव्या लोकांना मी तुमचं उदाहरण देतो. गाढव ठरवलंत मला." त्यांनी फाइल जवळ ओढली. "तुम्ही समितीवर नाही आता. तिची सगळी तपासणी रद्द. पहिल्यापासून होईल, सगळ्या विषयांची. आणि तुमच्याबद्दल वर कळवावं लागेल."

"सगळ्या विषयांची का? बाकीच्यांशी माझा काय संबंध?"

"संबंध आहे हे तुम्हीच आत्ता सांगितलंत."

घरी येऊन दोघांना सांगितलं, एकदमच. नवरा उठून आतल्या खोलीत गेला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. आणि पाहुणी, जिच्यासाठी मी एवढं केलं, ती फणकारून म्हणाली, "कोणी सांगितलं होतं तुम्हाला? आता पास झाले तर वशिल्याने झाले म्हणतील. नापास झाले तर घरच्यांनीच केलं म्हणतील. माझं काहीच ठेवलं नाहीत तुम्ही."

 मी "ताट उचल," म्हटलं.

१८ जुलै

आठवडाभर नवरा माझ्याशी बोलत नाही. जेवताना मीठसुद्धा तिच्याकडून मागतो, डबी माझ्यासमोर असली तरी. ती मीठ देते, त्याच्याकडे बघते, माझ्याकडे बघते. अर्धी भरलेली बॅग तशीच आहे. ना पुढे भरते, ना रिकामी करते.

कॉलेजात मी गेले की स्टाफरूममधलं बोलणं बंद होतं. काँक्रीट सर तेवढे म्हणाले, "मॅडम, साडूच्या मुलासाठी मी बाहेर बसलो, त्या पोराने अजून एक पेढा दिला नाही. तुमचीच रीत बरी."

नंतर कळलं, ते चेष्टा करत नव्हते. त्यांना खरंच काही सुचलं नव्हतं बोलायला.

२२ जुलै

निकाल लागला.

ड्रॉइंग बाहेरच्या परीक्षकाने तपासलं. त्याने विचारलं म्हणे, "चिन्ह काढलंय कोपऱ्यात, मग अडचण काय आहे?" शंभरात एक्क्याण्णव.

पण थर्मोडायनॅमिक्स आणि मटेरियल्स सत्तर टक्क्यांत बसले नाहीत, परीक्षेतही गेले. आधी डोळे मिटून दिलेले विषय यावेळी डोळे फाडून पाहिले गेले. थर्मो सर जिन्यात थांबले, माझी नजर चुकवत म्हणाले, "सॉरी मॅडम. एरवी दिलं असतं. पण आता सगळ्यांचं लक्ष आहे. लोक म्हणाले असते, सहकाऱ्याची मुलगी."

अगदी माझंच वाक्य. माझ्याच तोंडातलं. 

तिसरं वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळेल. तिकडच्या दोन वर्षांतलं एक धरलं, एक फेकून दिलं. मी त्या दिवशी नुसता हात वर केला असता तर दोन्ही मिळाली असती.

२३ जुलै

नवऱ्याने मुलींच्या हॉस्टेलमध्ये खोली बघून ठेवली. मला विचारलं नाही, तिलाही विचारलं नाही. संध्याकाळी आल्या आल्या तिला म्हणाला, "चल, बघून येऊ. इथे तुला त्रास नको."

ती टेबलाशी बसली होती. मी दाराशी. मला वाटलं, चला, सुटलो सगळे. खोली मोकळी होईल, उजेड परत मिळेल. असं वाटलं आणि तिथेच खुर्चीवर बसले. दिवसभर काही खाल्लं नव्हतं.

"मी का जाऊ हॉस्टेलला?" ती म्हणाली. "चूक मी केली का?"

"तसं नाही गं बाळा…"

"मग कसं? जायचं असेल तर मी माझी जाईन. पाठवलेली नाही जाणार. एकदा झालंय ते."

नवऱ्याने पायातली चप्पल पुन्हा काढली. तिकडून तिला पाठवलं गेलंय, हे इतक्या दिवसांत त्याच्याही डोक्यात आलं नसावं. मलाही कुठे आलं होतं?

मी म्हटलं, "तुझं वर्ष माझ्यामुळे गेलं." माफी मागायची होती. ती एवढीच निघाली.

"हो," ती म्हणाली. "तुमच्याचमुळे." नाही हो, असं काही नाही, असलं काही ती म्हणाली नाही. "आणि ते वर्ष मी इथेच बसून काढणार. तुमच्या डोळ्यांसमोर. रोज."

सरळ धमकी होती. नवरा घाबरून माझ्याकडे बघायला लागला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"मशीन ड्रॉइंग मी शिकवते दुसऱ्या वर्षाला," मी म्हटलं.

"माहितीय."

"माझ्या वर्गात लाड होत नाहीत."

"ते कळलंय मला."

ती उठली, खोलीत गेली. बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. भरते आहे की रिकामी करते आहे, आवाजावरून कळेना. मग कपाटाचं दार वाजलं. मग हँगर.

दारातून डोकं बाहेर काढून म्हणाली, "एक सांगून ठेवते. सकाळी बाथरूम आधी मला लागतं. पहिला तास साडेसातचा आहे."

"साडेसातचा तास माझाच आहे. मलाही आधी लागतं."

"मग लवकर उठा."

आणि दार लावून घेतलं. मला! माझ्याच घरात! नवरा तोंडावर हात ठेवून बसला होता, हसत होता की काय, मी बघितलं नाही.

माझा गजर सहाचा असतो. साडेपाचचा लावला आहे. बघू उद्या कोण आधी जातं.